रात्रपाळीची निळी शाई

नोकरीत होते तोवर माझ्या पर्समध्ये प्रसादाची एक पुडी कायम असायची. साखरफुटाणे, कधी पेढ्याचा तुकडा. लोकांना वाटायचं, बाई फार देवभक्त आहेत. देवाचा त्यात फारसा संबंध नव्हता. ती पुडी माझं हत्यार होतं.

मी विमा कंपनीत क्लेम तपासायचे. म्हणजे काय करायचे ते आधी सांगते, कारण नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत अजूनही काही जण मला विमा एजंट समजतात आणि मी समोरून आले की रस्ता बदलतात. अपघातात कुणाचा हातपाय जातो, किंवा डॉक्टरच्या हलगर्जीपणानं एखाद्याचं कायमचं नुकसान होतं. तो माणूस भरपाई मागतो. गाडीचा विमा असतो तसा डॉक्टरांनीही आपल्या व्यवसायाचा विमा उतरवलेला असतो. त्यामुळे मागणी शेवटी विमा कंपनीच्या दारात येते आणि कंपनी माझ्यासारखीला पाठवते. जा, आणि खरं किती, खोटं किती ते बघून ये.

त्याआधी सहा वर्षं मी इथल्याच एका इस्पितळात सिस्टर होते. पेशंट उचलता उचलता मणका सरकला आणि वॉर्ड सुटला. कंपनीला डॉक्टरी कागद वाचू शकणारं माणूस हवं होतं आणि मला खुर्चीवर बसून करायचं काम हवं होतं. खुर्चीवर बसायला फारसं मिळालं नाही, ती गोष्ट वेगळी.

तर ती पुडी. सिडकोतला एक ट्रकचालक होता. अपघातात उजवा हात खांद्यापासून निकामी झाला, असा त्याचा दावा. कागद चोख होते, डॉक्टरचा दाखला होता. मला म्हणाला, "मॅडम, या हातानं माशी हाकलता येत नाही." मी सगळं लिहून घेतलं, चहा घेतला, निघताना दारात पुडी उघडली आणि म्हटलं, "घ्या, प्रसाद आहे." त्याचा उजवा हात सरळ पुढे आला, खाली डाव्याचा आधारसुद्धा आला. प्रसाद डाव्या हातानं घ्यायचा नसतो हे आईनं इतक्या लहानपणी शिकवलेलं असतं की वकिलानं शिकवलेलं त्याच्यापुढे टिकत नाही. मग तो आपल्याच हाताकडे बघत उभा राहिला. मीही बघत राहिले.

"देवाची कृपा म्हणायची," तो म्हणाला.

"हो, तसंच लिहिते रिपोर्टात," मी म्हटलं.

असे पाच-सहा जण मी त्या पुडीवर पकडले असतील. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू. मग पंचवटीतल्या एका शाळेच्या बाईंकडे गेले. रिक्षा उलटून त्यांच्या हाताची नस गेली होती. मी प्रसाद पुढे केला. त्यांनी डाव्या हातानं आपला उजवा हात मनगटाशी धरून उचलला, माझ्यापुढे आणला आणि त्याची बोटं एकेक करून उघडली. मी त्या तळव्यावर साखरफुटाणे ठेवले. मला फार लाज वाटली. दोन महिने पर्समध्ये पुडी ठेवली नाही. नंतर पुन्हा ठेवायला लागले.

या कामानं माणूस घरातही तसाच होतो. आमच्या ह्यांना सर्दी झाली तरी मी आधी विचारते, कधीपासून? काल म्हणाले आणि परवाचा रुमाल ओला सापडला, की झालं. मुलगी म्हणायची, आईला ताप दाखवायचा तर साक्षीदार आणावे लागतात. लग्नात कुणाच्या हाताला प्लास्टर दिसलं तर माझी नजर आधी बोटांकडे जाते. बोटं सुजली नसतील तर प्लास्टर कालचं नाही.

डॉक्टरांच्या केसमध्ये माझी एक पद्धत होती. डॉक्टरांनी लिहिलेलं शेवटी वाचायचं आणि सिस्टरनं लिहिलेलं आधी. डॉक्टर लिहितो तेव्हा त्याच्या डोक्यात कोर्ट असतं. सिस्टर लिहिते ती दुसऱ्या पाळीच्या सिस्टरची बोलणी बसू नयेत म्हणून. किती वाजता काय दिलं, पेशंट काय म्हणाला, कुणाला फोन केला. घाईत लिहिलेलं, पण खरं असतं. आणि एक नियम होता. मूळ कागद पाहिल्याशिवाय मत द्यायचं नाही. झेरॉक्सवर खाडाखोड कळत नाही, पेन बदललेलं कळत नाही. कंपनीत नव्यानं आलेल्यांना हा नियम मीच शिकवायचे.

तो नियम मी एकदा मोडला. दगा अहिरेच्या केसमध्ये.

दगा नामपूरचा. कांद्याच्या मार्केटात हमाली करायचा. वय पस्तिशीच्या आत, पाठीवर पोतं घेऊन फळीवरून गाडीत चढणारा गडी. मार्केटातच एक पिकअप मागे येताना त्याचा उजवा पाय गाडी आणि ओट्याच्या मध्ये सापडला. नडगीचं हाड मोडलं. नाशिकला शहरातल्या एका खासगी इस्पितळात आणलं, संध्याकाळी प्लास्टर घातलं. इथपर्यंत रोजची गोष्ट. पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आत सूज वाढते, प्लास्टर आवळतं, रक्त खाली पोचत नाही. बोटं निळी पडतात, थंड पडतात, पेशंट ओरडतो. तेव्हा एकच करायचं असतं, ताबडतोब प्लास्टर उघडायचं. काही तासांचा खेळ असतो. ते तास गेले की पाय जातो.

दगानं डॉक्टरविरुद्ध ग्राहक आयोगात तक्रार केली. डॉक्टरचा विमा आमच्याकडे होता. दगाचं म्हणणं, रात्रभर सांगत होतो, डॉक्टर आले नाहीत. इस्पितळाचं म्हणणं, दर दोन तासांनी पाय तपासला, बोटं गुलाबी आणि गरम होती, सकाळी अचानक बिघडलं. तसं खरंच असेल तर डॉक्टरचा दोष नाही आणि दगाला आमच्याकडून काही मिळायचं कारण नाही. हमालाचा पाय म्हणजे त्याचं घर. तो कुणामुळे गेला हे माझ्या रिपोर्टावर ठरणार होतं.

मी सटाण्यावरून नामपूरला गेले. दोन खोल्यांचं घर, दगा खाटेवर बसलेला, चादर मांडीपर्यंत ओढलेली. बायको सुमन दाराशी उभी. दगा अहिराणीत बोलत होता, मला बऱ्यापैकी कळत होतं.

"ताई, मी रातभर सांगत व्हतू, बोटं काया पडी ग्यात. डॉक्टर उनाच नही."

"आणि सिस्टर?"

"ती बिचारी तीन खेप उनी. तिनी फोन बी लावा."

मला हे खटकलं. रात्रपाळीच्या सिस्टरला बिचारी म्हणणारा पेशंट मी पाहिला नव्हता. वकिलानं पढवलं असेल, असं मनात आलं. तेवढ्यात माझं लक्ष खाटेखाली गेलं. तिथं एक काचेची बाटली होती, काळपट तेलाची. वास मला ओळखीचा होता. हाडवैद्याचं तेल. त्या भागात हाड मोडलं की काही जण आधी हाडवैद्याकडे जातात, तो तेल लावून बांबूच्या कामट्यांनी पाय घट्ट बांधतो. त्यानंही रक्त अडतं. एकदम सगळं जुळलं असं वाटलं मला.

"हाडवैद्याकडे गेला होता का तुम्ही?" मी सुमनला विचारलं.

सुमन बाटली उचलून आत घेऊन गेली. दगानं भिंतीकडे तोंड केलं. दोघंही गप्प. माझ्या धंद्यात गप्प बसणं म्हणजे कबुली असते. निदान तेव्हा मी तसं समजायचे.

परत आल्यावर इस्पितळाच्या कागदांची झेरॉक्स टेबलावर आली होती. रात्रीचं पान वाचलं. दर दोन तासांची नोंद, स्वच्छ वळणदार अक्षर, खाली सही, सिस्टर व्ही. गावित. आमच्या काळी नर्सिंगच्या ट्यूटर असंच लिहायला शिकवायच्या. इतकं नीट पान बघून मला बरं वाटलं. जगातल्या प्रत्येक माणसावर संशय घेणारी मी, सिस्टरच्या हस्ताक्षरावर मात्र घेतला नाही. मूळ कागद मागवले नाहीत. डोक्यात ती तेलाची बाटली पक्की बसली होती. रिपोर्ट लिहिला, इस्पितळाच्या नोंदी पूर्ण आणि नियमित, आधी हाडवैद्याचे उपचार झाल्याची दाट शक्यता. कंपनीनं त्यावर जबाब दाखल केला.

तारखा पडत राहिल्या. असंच वर्ष-सव्वा वर्ष गेलं. एका तारखेला दगाच्या वकिलाच्या अर्जावरून इस्पितळाची मूळ फाईल आयोगापुढे आली. दगा कुबड्या घेऊन मागच्या बाकावर, शेजारी सुमन. त्याच्या वकिलानं पानं चाळली, काही सापडलं नाही. आमचे देशपांडे वकील पुढे बसले होते. त्यांनी फाईल मागे माझ्याकडे दिली. "मॅडम, रात्रीच्या नोंदींचं पान तेवढं काढून द्या."

मी पान काढलं आणि त्याच्या मागची-पुढची पानं पुन्हा उलटून बघितली.

वॉर्डातली एक पद्धत बाहेरच्यांना माहीत नसते. दिवसाच्या नोंदी निळ्या शाईनं करायच्या, रात्रपाळीच्या लाल शाईनं. नुसतं पान उलटलं तरी कळतं, कधीचं आहे. सगळीकडे नसेल, पण मी जिथं काम केलं तिथं असंच होतं. रात्रपाळीला निघताना डबा विसरला तरी चालेल, लाल पेन विसरायचं नाही. या फाईलमध्येही सगळ्या रात्री लाल होत्या. फक्त पाय गेला ती एक रात्र निळी होती. झेरॉक्सवर लाल काय, निळं काय, सगळं काळंच दिसतं.

त्या खोलीत इतके वकील होते, आयोगाचे सदस्य होते, कुणाला काही दिसलं नाही. मी पान वकिलांना दिलं आणि गप्प बसले. हो, बसले गप्प. पगार कंपनीचा घेत होते. शिवाय माझा संशय पहिल्यांदा गेला तो त्या सिस्टरवर. रात्रभर झोपली असणार, सकाळी पाय काळा दिसल्यावर घाबरून दिवसाच्या पेननं पान भरून काढलं असणार. दगानं तिला बिचारी म्हटलं होतं ते आठवून मला तर तिचा रागच आला.

पुढच्या तारखेला तीन आठवडे होते. जुन्या मैत्रिणींना विचारत विचारत सिस्टर गावितचा पत्ता काढला. दगाचा पाय गेल्यावर दोन महिन्यांतच तिनं ते इस्पितळ सोडलं होतं आणि पेठला, आपल्या गावाकडे, एका लहान दवाखान्यात लागली होती. मी जीपनं घाट चढून गेले. कंपनीला सांगितलं नव्हतं.

वनिता गावित तिशीची असेल, बारकी, केस घट्ट बांधलेले. बाळांची वजनं करत होती. गर्दी सरेपर्यंत मी बाकावर बसून तिला निरखत होते. प्रत्येक वजन लगेच लिहीत होती, दोन बाळं एकदम लिहीत नव्हती. मग मी समोर गेले आणि ओळखपाळख न करता विचारलं, "दगा अहिरेच्या पानावर रात्रीची नोंद निळ्या पेननं का केली?"

ती दचकली नाही. माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तुमी सिस्टर हायत का?"

"होते."

"मग लय उशीर लावला."

आम्ही मागच्या खोलीत बसलो. तिनं सांगितलं ते असं. त्या रात्री तिनं तीनदा डॉक्टरांना फोन केला. पहिल्यांदा ते म्हणाले, दुखणारच, इंजेक्शन दे. नंतर फोन उचललाच नाही. प्लास्टर कापायचा तिला अधिकार नव्हता. तरी तिसऱ्यांदा ती कात्री घेऊन खाटेपर्यंत गेली होती आणि परत फिरली. हे सगळं तिनं लाल पेननं वेळेसकट लिहून ठेवलं. सकाळी मॅनेजरनं तिला ऑफिसात बोलावलं, ते पान फाडलं, कोरं पान पुढे ठेवलं आणि काय लिहायचं ते सांगितलं. नोकरीवर नवी होती, धाकट्या भावाचं शिक्षण चाललं होतं. तिनं लिहिलं.

"लाल पेन माझ्या खिशातच व्हता, मॅडम. टेबलावरचा निळा उचलला. मॅनेजर आधी हॉटेलात व्हता, त्याला काय ठाऊक. म्हटलं, कोर्टात जाईल तवा कोनी तरी सिस्टर बघंल. तिला कळंल."

"मी झेरॉक्स बघितली होती," मी म्हटलं.

त्यावर ती म्हणाली, "मी कापलं असतं तं वाचला असता पाय. मला नाय वाटत असं, मला म्हाईत हाय."

तिचे डोळे भरले. माझेही भरले. तरी घाट उतरताना माझं डोकं चालूच होतं. ही बाई हुशार आहे. मी शाईचं विचारल्याबरोबर ही गोष्ट रचली नसेल कशावरून? निळं पेन हाताला लागलं म्हणून उचललं आणि आता त्याला अर्थ चिकटवला, असं कशावरून नसेल? दुसऱ्या दिवशी अर्ज करून मी फाईल पुन्हा पाहिली. दुसऱ्या रात्रीचं पान, गावित, लाल. तिसऱ्या रात्रीचं पान, गावित, लाल. तिच्याकडे लाल पेन असायचं. याहून जास्त पुरावा माझ्याकडे तेव्हा नव्हता आणि आजही नाही. दगानं मात्र पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं की ती तीनदा आली आणि तिनं फोन लावला.

मी दुसरा रिपोर्ट लिहिला. वनिताचं नाव घातलं नाही, भेटीचा उल्लेख केला नाही. एवढंच लिहिलं की रात्रीच्या नोंदी रात्री केलेल्या दिसत नाहीत, समोरच्या वकिलाला हे कधीही कळू शकतं, मग जबाब टिकणार नाही, तडजोड करावी. आमच्या साहेबांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले.

"मॅडम, पहिल्यात तर सगळं पूर्ण आणि नियमित होतं."

"पहिला चुकीचा होता, साहेब."

"आणि हाडवैद्य?"

"त्याला माझ्याकडे पुरावा नाही. बाटली दिसली, बाकीचं मी जोडलं."

साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं. "तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कंपनीच्याच, म्हणून तर तुम्हाला आधी सांगतेय. कंपनीनं तडजोड केली. त्यामुळे वनिताला साक्षीला यावं लागलं नाही, आणि डॉक्टरलाही कुणी काही विचारलं नाही. हे दुसरं मला अजून सलतं. त्या इस्पितळाला आता वरचा मजला चढलाय. मला त्यानंतर डॉक्टरांच्या केस मिळाल्या नाहीत. निवृत्त होईपर्यंत स्कूटरच्या अपघातांत कुणाचं मनगट मुरगळलं तेवढं बघत होते.

तडजोडीच्या कागदांत एक फॉर्म भरायचा होता. अर्जदाराची आजची अवस्था. तो भरायला मी पुन्हा नामपूरला गेले. पर्समध्ये पुडी नव्हती.

सुमननं पाणी दिलं. दगा तसाच खाटेवर, पण या वेळी ती बाटली खाटेखाली नव्हती, उशाशी होती. मी बघितलं, तिनं मला बघताना बघितलं.

"ताई, त्या दिन तुम्ही इचारं तवय मी काय सांगू?" ती म्हणाली. "पाय नही शे, तरी पायले तेल चोळस, असं सांगं असतं तर तुम्ही माले येडी म्हनतात."

हाडवैद्याकडे ते गेले होते. इस्पितळातून घरी आल्यावर, पाय कापल्यानंतर. कारण दगाचा नसलेला पाय दुखत होता. तो कळवळून उठायचा, तेव्हा ती हातावर तेल घेऊन चादरीवर चोळायची, जिथं पाय असता तिथं. तेवढ्यानं तो शांत व्हायचा.

मी सहा वर्षं वॉर्डात काढलेली बाई. कापलेला पाय दुखतो हे मला शिकवलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं, खाटेवर पाहिलेलं होतं. बाटली बघून ते मला आठवायला हवं होतं. मला हाडवैद्य आठवला. मी सुमनला म्हटलं, "चूक माझी झाली." तिनं मान हलवली, हो म्हणून की जाऊ द्या म्हणून ते कळलं नाही.

मग फॉर्म काढला. नाव, वय, गाव. पुढचा रकाना होता, सध्याचा त्रास. तो भरताना नियम असा, की अर्जदार सांगेल ते स्वतः तपासायचं आणि तपासता येईल तेवढंच लिहायचं.

"दगाभाऊ, कुठं दुखतं?"

त्यानं चादर सारली. पाय गुडघ्याखाली वीतभर होता, तिथं संपत होता. त्यानं हात लांब करून त्याच्याही पुढे, खाटेच्या दोरीवर एका जागी बोट ठेवलं.

"आठे. आंगठाले."

मी त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि रकान्यात लिहिलं, उजव्या पायाचा अंगठा दुखतो.